वन्सं आणि चित्रांची हजेरी

माझ्या नणंदबाई कधी चुकत नाहीत. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात. जेवणात मीठ जास्त पडलं तर हल्लीचं मीठच जास्त खारट असतं. बस चुकली तर बसच वेळेआधी सुटलेली असते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा महिनाभर मला वाटत होतं की बाई चेष्टा करतायत. मग कळलं, चेष्टा हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. तेव्हापासून मी त्यांना वन्सं म्हणते. आजच्या काळात वन्सं कोण म्हणतं, असं मैत्रिणी विचारतात. त्यांनी आमच्या वन्संना पाहिलेलं नाही. त्यांना नावाने हाक मारायची हिंमत माझ्या नवऱ्यातही नाही, आणि तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ आहे.

आम्ही दोघी एकाच कंपनीत. कंपनी लिफ्टची देखभाल करते. खाली वर्कशॉप, वरच्या मजल्यावर ऑफिस, आणि वर जायला जिना. लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट नाही, यावर येणारा प्रत्येक माणूस तोच विनोद करतो आणि आम्ही प्रत्येक वेळी हसतो. मी फोनवर बसते. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की पहिल्या शिव्या मला. ही नोकरी मला वन्संनीच लावून दिली, आणि ते त्या विसरू देत नाहीत.

वन्सं मुळात ड्रॉइंगच्या खात्यातल्या. सरळ रेघ, सरळ बोलणं. मेकॅनिक लोक तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'फूटपट्टी'. पुढे ड्रॉइंगचे बोर्ड गेले, सगळं कॉम्प्युटरवर आलं. बरोबरचे लोक कोणी स्टोअरमध्ये गेले, कोणी घरी बसले. वन्संनी चाळिशी उलटल्यावर एक जाडजूड पुस्तक आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मांड ठोकली. प्रोग्रॅमिंग शिकणार म्हणाल्या. सहा-आठ महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कॉम्प्युटरला अहो-जाहो करणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. "अहो, असं काय करता? मी काय सांगितलं तुम्हाला?" आतल्या खोलीतून माझ्या नवऱ्याला वाटायचं, आपल्यालाच बोलतायत, आणि तो बिचारा धावत यायचा.

पण शिकल्या. आणि कंपनीला त्यांनी विकी करून दिला. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. प्रत्येक इमारतीला एक पान. लिफ्ट किती जुनी, किल्ली कोणाकडे, तिसऱ्या मजल्याचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, वॉचमन दुपारी झोपतो तेव्हा मागच्या फाटकाने जा, असं सगळं त्यात. आणि मुख्य म्हणजे पॅनेलचा फोटो. लिफ्टच्या मोटरला हुकूम सोडणाऱ्या वायरी ज्या पेटीत असतात ती पेटी म्हणजे पॅनेल. वायरी सोडवण्याआधी फोटो काढायचा आणि पानावर चढवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कोणती वायर कुठे ते कळतं. वर्कशॉपच्या भिंतीवर वन्संनी मोठ्या अक्षरांत लावलं होतं: आठवणीवर काम करू नका, फोटो बघा.

यावर सगळ्यात जास्त कुरकुर केली ती बॅटरीमामांनी. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून हे गृहस्थ बॅटरी दातांत धरून काम करतात, म्हणून ते नाव. अर्धं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात काढलेला माणूस. "बाई, मी डोळे मिटून जोडतो, मला फोटो कशाला?" असं ते दात न उघडता म्हणायचे. वन्सं म्हणायच्या, "डोळे मिटूनच जोडायचं असेल तर ती बॅटरी तरी कशाला?" दोघांचं कधी पटलं नाही. चहाच्या वेळी एक आत आला की दुसरा बाहेर.

आणि मग ते प्रकरण झालं. एका सहा मजली राहत्या इमारतीत बॅटरीमामा पॅनेलमधला नवा बोर्ड बसवायला गेले. जुना बोर्ड आधीच दुसरा मेकॅनिक काढून घेऊन गेला होता, वायरी नुसत्या लोंबत होत्या. वायरी जोडल्या, वीज चालू केली, आणि पॅनेलमधून धूर निघाला. बोर्ड जळाला. लिफ्ट कितीतरी दिवस बंद. त्या इमारतीतली म्हातारी माणसं एकेका मजल्यावर खुर्ची टाकून बसत वर चढायची, आणि धाप लागलेल्या आवाजात मला फोन करायची. त्यांचं काही चुकत नव्हतं, पण कान किटायचे.

चौकशी बसली. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या इमारतीचं पान उघडलं. फोटोत लाल वायर दुसऱ्या जागेवर होती, निळी तिसऱ्या. बॅटरीमामांनी जोडलं होतं नेमकं उलटं.

"फोटो बघितला नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"बघितला. फोटो बघूनच केलं," मामा म्हणाले. "मला उलटं वाटत होतं, पण फोटोत तसंच होतं, म्हणून तसं जोडलं. आता हा फोटो बदललाय."

सगळे हसले. फोरमन म्हणाला, "मामा, फोटो काय कूस बदलतो का?" वन्सं हसल्या नाहीत, पण ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचा अर्थ मला कळत होता. ज्या माणसाने कधी फोटो बघितला नाही तो आता फोटोवरच ढकलतोय, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं. मामांना घरी बसवलं. महिनाअखेरीस कायमचं काढायचं, असं ठरलं.

मध्ये एकदा वर्कशॉपच्या किल्ल्यांसाठी मी त्यांना फोन केला. किल्ल्यांचं बोलून झालं तरी ते फोन ठेवेनात. म्हणाले, "नोकरीचं जाऊ द्या हो. दुसरीकडे कुठेतरी मिळेल. पण घरीसुद्धा तेच. पोरगी माझ्याकडे बघून याच कामाचं शिकतेय. ती म्हणते, बाबा, चूक झाली असेल तर कबूल करा ना, खोटं कशाला बोलता? हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. तिला मी लहानपणापासून एकच शिकवलं होतं." काय शिकवलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

इकडे ऑफिसात नवं खूळ निघालं. विकी ज्या मशीनवर होता ते भरलं. साहेबांनी ठरवलं की सगळं नव्या मशीनवर न्यायचं, पण अडगळ न्यायची नाही. जी चित्रं खरोखर कुठल्या ना कुठल्या पानावर आहेत तेवढीच न्यायची, आणि त्यांचीही फक्त सगळ्यात वरची प्रत. बाकी सगळं शुक्रवारी पुसायचं. कोणतं चित्र कोणत्या पानावर आहे हे शोधून काढायचं काम अर्थात वन्संकडे आलं.

हजारो पानं हाताने कोण उघडणार? वन्संनी त्यासाठी एक छोटं टूल लिहिलं. त्याला पानाचं नाव दिलं की त्या पानावर कोणकोणती चित्रं आहेत ते सांगायचं. उलट चित्राचं नाव दिलं की ते कोणकोणत्या पानांवर आहे ते सांगायचं. मी त्याला चित्रांची हजेरी म्हणायची. वन्संना नाव आवडलं नाही, पण दोन दिवसांत त्याही तेच म्हणायला लागल्या.

हजेरी सुरू झाली आणि पहिल्याच फटक्यात घोळ. 'पॅनेल' नावाचं एक चित्र शंभराहून जास्त पानांवर हजर.

"अहो, असं कसं होईल?" वन्सं टूलला म्हणाल्या. "एक पेटी शंभर इमारतींत कशी असेल?" त्यांना वाटलं, टूलच चुकतंय. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा ओळ न् ओळ तपासली. टूल आपल्या म्हणण्यावर ठाम, वन्सं आपल्या. घरात एका वेळी एकच न चुकणारा प्राणी राहू शकतो, आणि इथे दोन झाले होते.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत." त्यांनी तीन पानं शेजारी शेजारी उघडली. एक शाळेचं, एक हॉटेलचं, एक राहत्या इमारतीचं. तिन्ही पानांवर पॅनेलचा फोटो. आणि तिन्ही फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक अंगठा आलेला, अंगठ्याला निळी चिकटपट्टी.

"हा अंगठा बराच फिरतो हो," मी म्हणाले.

वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी ते चित्र वेगळं उघडलं. प्रत्येक चित्राचं स्वतःचं एक पान असतं, तिथे त्या नावाने आजवर चढवलेल्या सगळ्या प्रती एकाखाली एक ठेवलेल्या असतात. वन्सं खाली खाली जायला लागल्या. पॅनेल, पॅनेल, पॅनेल. वेगळ्या पेट्या, वेगळ्या वायरी, वेगळ्या तारखा, चढवणारी माणसं वेगळी. नाव मात्र सगळ्यांचं एकच. मी म्हणाले, "अरे वा, म्हणजे हरवलेलं काहीच नाही." पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या चेहऱ्यावर मी आठ्या पाहिल्या होत्या, राग पाहिला होता, हे नव्हतं पाहिलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला वाटतं स्वतःलाही. विकी सुरू झाला तेव्हा मेकॅनिक लिहायला तयार नव्हते, म्हणून वन्संनी एक नमुना पान करून दिलं होतं. ते उतरवून घ्यायचं आणि माहिती भरायची. त्यात फोटोच्या जागी नाव आधीच लिहिलेलं होतं, 'पॅनेल'. प्रत्येकाने त्यापुढे इमारतीचं नाव जोडायचं होतं. तशी सूचना त्यांनी लिहिली होती, पण पानाच्या अगदी तळाशी. तळापर्यंत कोण वाचतं? मेकॅनिक जागेवर बोट टेकवायचा, फोटो चढवायचा. कॉम्प्युटर विचारायचा, या नावाचं चित्र आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवायचं का? आमच्या माणसांना हो की नाही विचारलं की ती हो म्हणतात. लग्नाच्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं. फोटो पानावर दिसला की मेकॅनिक खूश. त्याच क्षणी बाकीच्या शंभर पानांवरचा फोटो बदललाय, हे कोणाच्या गावीही नसायचं. पेट्या साधारण सारख्याच दिसतात. बहुतेक लोक आठवणीनेच काम करायचे, त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं.

वन्संनी त्या लांब रांगेतल्या तारखा बघितल्या. बॅटरीमामा ज्या दिवशी त्या इमारतीत गेले त्या दिवशी सगळ्यात वर एका जुन्या हॉटेलचं पॅनेल होतं. जुन्या पेट्यांत लाल वायर तिसऱ्या जागेवर असते. चौकशीच्या आदल्या दिवशी कोणीतरी एका नव्या इमारतीचा फोटो चढवला होता. त्यात लाल दुसऱ्या जागेवर, मामांच्या त्या इमारतीत हवी होती तशीच.

"म्हणजे मामांनी फोटो बघितला होता," मी म्हणाले.

"आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं त्या माणसाने," वन्सं म्हणाल्या, आणि टेबलावरचा डबा तसाच ठेवून उठल्या.

त्या संध्याकाळी घरी त्या अर्धपोटी उठायला लागल्या. नवऱ्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो भावाच्या मायेने म्हणाला, "ताई, पण शुक्रवारी जुन्या प्रती पुसल्याच जाणार आहेत ना? मग कोणाला काय कळणार?"

"म्हणून तर उद्याच सांगायला हवं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, मी चुकले असं याआधी कधी झालंय?"

"वन्सं, खरं सांगू, की जेवण शांतपणे होऊ देऊ?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण त्यांनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "वाढ."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत त्यांनी मलाही नेलं. कशाला नेलं ते मला कळलं नाही, पण जिना चढताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि गुडघे काही दुखत नव्हते. फोरमनलाही बोलावलं होतं. वन्संनी मोठ्या पडद्यावर हजेरी लावून दाखवली. हे एक चित्र, ही त्याची शंभर पानं. मग त्या एकाखाली एक ठेवलेल्या प्रती. "मामांनी त्या दिवशी पाहिला तो हा फोटो. चौकशीत आपण पाहिला तो हा. त्यांनी फोटोत होतं तेच जोडलं."

फोरमन पुढे होऊन पडद्याला नाक लावून बघायला लागला. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "आयला, मीसुद्धा याच नावाने चढवलेत. हा बघा, हा माझाच." आणि मग एकदम ओशाळला, कारण सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. माणूस वाईट नाही, पण भांडण नको असतं. म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. त्याला परत घेऊ. कागदावर काय लिहायचं? सिस्टीमची चूक, असं लिहू."

"सिस्टीम मीच केलीये," वन्सं म्हणाल्या. "नमुना पान मी केलं, नाव मी लिहून ठेवलं, सूचना तळाशी मी टाकली. चूक माझी आहे. तसंच लिहा."

मी नजर खाली केली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की वर बघितलं असतं तर रडूच आलं असतं, आणि ते त्यांना मुळीच खपलं नसतं.

साहेबांनी लिहिलं. पुसापुशी पुढे ढकलली, सगळे जुने फोटो आपापल्या इमारतीच्या नावाने वेगळे काढून मगच विकी हलवायचा असं ठरलं, आणि मामांना उद्यापासून यायला सांगा म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "उद्या नाही, आत्ता बोलवा. मला तोंडावर सांगायचंय." मी फोन लावला. कशासाठी ते सांगितलं नाही, नुसतं या म्हणाले. "येतो," एवढंच मामा म्हणाले. शेवटचा हिशेब करायला बोलावलंय असं त्यांना वाटलं असणार.

तोवर बातमी खाली वर्कशॉपमध्ये पोचली. काम संपवून आलेले मेकॅनिक वन्संच्या टेबलाभोवती गोळा झाले. पडद्यावर एकेक जुना फोटो येत होता आणि प्रत्येक जण आपला ओळखत होता. "हा शाळेचा! ती बघा, पाल बसलीये कोपऱ्यात." "ही गाठ माझी आहे, अशी गाठ दुसरा कोणी मारत नाही." निळ्या चिकटपट्टीचा अंगठाही सापडला. त्याचा मालक मागे लाजत उभा होता, सगळ्यांनी त्याला पुढे ओढला. वन्सं नाव विचारत होत्या, नाव लिहीत होत्या, आणि प्रत्येक नावानंतर हजेरीचं टूल चालवून बघत होत्या की ते चित्र आता एकाच पानावर आहे ना. असायचं. फूटपट्टी म्हणून ज्यांना इतकी वर्षं टाळलं, त्या बाईच्या खुर्चीला लोक रेलून उभे होते.

तेवढ्यात मामा आले. दारातच थांबले. वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, आदल्या दिवशी मला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत होता. चूक माझी होती. मी तेव्हाच शोधायला हवं होतं, मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय."

मला वाटलं, आता मामा भडकणार. त्यांना तेवढा हक्कच होता. पण ते पुढे आले आणि पडद्यावरच्या त्या जुन्या हॉटेलच्या पॅनेलकडे बघत राहिले. लाल तिसऱ्या जागेवर.

"हाच," ते म्हणाले. "हाच होता तो."

फोरमनने खुर्ची दिली, बसले नाहीत. कोणीतरी चहा आणला, घेतला नाही. मग वन्संना म्हणाले, "बाई, एक काम कराल? हे माझ्या घरी सांगाल? पोरीला. माझं सांगून झालंय."

मी माझ्या टेबलावरून नंबर लावला आणि फोन वन्संच्या हातात दिला. पलीकडून मुलीचा आवाज आला. वन्संनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं ना, फोटो बदललाय म्हणून? तो बदलला होता. मी केलेल्या पानामुळे बदलला होता. ते पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते, आणि आम्ही कोणी ऐकलं नाही."

वन्संनी विचारलं, "ऐकतेयस ना गं?" मग त्यांनी फोन मामांकडे पुढे केला. "तुम्हाला द्या म्हणतेय."

मामांनी फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "हं," म्हणाले. "हं. अगं, नाही गं. तुझं काय चुकलं त्यात? मलाही कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. रडू नकोस. हं." मग एका हाताने डोळे पुसले आणि रोजच्या आवाजात विचारलं, "जेवलीस का?"